हवेत काहीच सापडलं नाही

घरात तिला ठमी म्हणत आणि विमानात ताई. दोन्ही नावांनी हाक मारणारी माणसं एकाच विमानात बसलेली असण्याची ती पहिलीच वेळ होती.

मामा-मामी लेकीकडे निघाले होते. लेक बाळंत झाली होती आणि नातवाचं तोंड बघायची मामांना कोण घाई! पण गाडीचा लांबचा प्रवास त्यांच्या छातीला झेपला नसता. कापड रंगवायच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली होती. तिथल्या वाफेने आणि रंगांच्या भुकटीने छाती आतून पोखरली होती. जिना चढताना ते मध्येच थांबायचे आणि शेजारच्या बंद दाराकडे बघत, कुणाशी तरी बोलत असल्यासारखं काहीबाही पुटपुटायचे. दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून. डॉक्टरांनी विमानाला परवानगी दिली होती, पण मामीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"अगं, मी असते ना त्यात," ठमी म्हणाली होती. "माझ्याच विमानाने या. माझ्या नजरेसमोर बसाल."

आई गेल्यावर तिला याच दोघांनी वाढवलं होतं. तिच्या शब्दावर मामी कबूल झाली.

विमान लहान होतं, पण भरलेलं. केबिनमध्ये तिघंच काम करणारे. पुढे ठमी, मागे लंबू आणि चिमणी. लंबूला वाकूनच चालावं लागे म्हणून तो लंबू. चिमणी नवीन होती. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून चिमणी. मामांची खुर्ची पुढच्या भागात, वाटेच्या कडेला होती आणि मामी त्यांच्या पलीकडे. ठमी हात पसरून दारं कुठे आहेत ते दाखवत होती, तेव्हा मामा शेजारच्या अनोळखी माणसाला मोठ्याने म्हणाले, "शाळेत कवायतीला हात वर कर म्हटलं की रडायची ही. आता बघा!" आजूबाजूचे हसले. ठमीने डोळे वटारले, पण तिलाही हसू आवरेना.

विमान वर चढलं, सरळ झालं, आणि ठमी चहाची गाडी बाहेर काढणार एवढ्यात तो वास आला.

दोन दिवस बुटात राहिलेल्या ओल्या मोज्यांसारखा. त्याच्याखाली काहीतरी जळकं, तेलकट. तिने आधी पुढचं शौचालय उघडून पाहिलं, मग चहाच्या पाण्याचं यंत्र बंद केलं. वास गेला नाही. छताच्या फटीतून जी गार हवा येत होती, तिच्यातूनच तो येत होता.

या वासाबद्दल ती प्रशिक्षणात शिकली होती. विमानात श्वास घ्यायची हवा इंजिनातूनच येते. तिथली तेल अडवणारी एखादी सील गळायला लागली की तापलेल्या तेलाची वाफ त्या हवेत मिसळते आणि सरळ माणसांच्या नाकात जाते. बहुतेक वेळा थोडा वास येतो आणि विरून जातो. ती वाट बघत उभी राहिली. वास विरला नाही. तिच्या जिभेवर धातूची चव आली आणि कपाळाच्या आत कुणीतरी अंगठा दाबून धरावा तसं व्हायला लागलं.

भिंतीवरचा इंटरकॉम वाजला. मागून लंबू होता.

"ताई, चिमणी पडली. आधी ओकली, मग बसल्या जागीच लवंडली. मागे वास फार आहे, डोळे चुरचुरतायत."

"प्राणवायूची बाटली लाव तिला."

"लावलीय. पण ताई, माझेही हात थरथरतायत. पट्टा लावता येईना मघाशी."

तिने कॉकपिटला फोन लावला. कॅप्टनचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा आला. दोन्ही वैमानिकांनी प्राणवायूचे मुखवटे चढवले होते. त्यांचे मुखवटे चांगले होते, त्यांतून नुसता प्राणवायू येत होता.

"आम्हालाही वास आलाय," कॅप्टन म्हणाले. "माझ्या जोडीदाराला साध्या आकड्यांची बेरीज जमेना. मुखवटा लावल्यावर जरा ताळ्यावर आलाय. आपण वळतोय. पण खाली डोंगर आहेत, ढग आहेत, एकदम खाली नाही येता येणार. आणि ऐका, उतरल्याबरोबर कदाचित सगळ्यांना दारांच्या फुगणाऱ्या घसरगुंड्यांवरून काढावं लागेल. चारही दारं उघडावी लागतील. मागे माणूस आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. "एक आहे."

"तो शुद्धीवर राहिला पाहिजे."

तिने फोन ठेवला आणि केबिनमध्ये घोषणा केली. वास येतोय, आम्हाला कल्पना आहे, जवळच्या विमानतळावर उतरतोय, रुमाल ओला करून नाकाला धरा, बसून राहा. आपला आवाज शांत आहे याचं तिचं तिलाच नवल वाटलं. पाण्याच्या बाटल्या वाटत ती पुढे सरकली तशी माणसं तिच्या बाहीला धरायला लागली.

"वरचे मुखवटे का पाडत नाही तुम्ही? ते कशाला लावून ठेवलेत मग, शोभेला?" एक टक्कल पडलेला गृहस्थ उभाच राहिला.

"साहेब, बसा. ते या कामाचे नाहीत. त्यांत केबिनचीच हवा मिसळते. हीच हवा तुमच्या नाकाशी येईल."

"म्हणजे आम्ही हेच हुंगत बसायचं?"

हो म्हणायचं? हेच हुंगत बसायचं. दुसरी हवा नाही, खिडकी उघडत नाही, दाराबाहेर पाय ठेवायला जागा नाही. त्याने खिशातून किल्ली काढली आणि डोक्यावरच्या झाकणाची फट उचकटायला लागला. तिने त्याचा हात धरून खाली घेतला. त्याने तो झटकून टाकला आणि मग एकाएकी लहान मुलासारखा रडायला लागला. त्याच्या बायकोने ओला रुमाल त्याच्या तोंडावर दाबून धरला. पलीकडच्या रांगेत एक बाई खिडकीच्या काचेला नाक लावून बसली होती, जणू बाहेरची हवा काचेतून झिरपून येईल.

मामांची मान मागे गेली होती. तोंड उघडं, ओठांवर निळसर झाक. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. मामी त्यांना सूचनांच्या पुठ्ठ्याने वारा घालत होती.

"ठमे, बघ गं यांच्याकडे," मामी म्हणाली. "यांचा पंप मारला, काही उपयोग नाही. तुमच्याकडे असेल ना काहीतरी? नळी लावतात ते?"

"आहे. बघते."

तेवढ्यात मागचा इंटरकॉम वाजला. लंबूचा आवाज आता ओढलेला होता, दारू प्यायल्यासारखा.

"ताई... मागच्या बाटलीचा काटा तांबड्यात गेलाय, संपत आलीय. चिमणीला चाललीय अजून. मला... मला दार कसं उघडतात ते आठवेना. हँडल वर की खाली?"

"वर. लंबू, ऐकतोयस? वर ओढायचं. खाली बस. मी येतेय."

केबिनमध्ये प्राणवायूच्या दोनच बाटल्या होत्या, एक मागे आणि एक पुढे. पुढची तिने कप्प्यातून काढली. हिरवी, जड, पट्ट्यासह खांद्याला अडकवायची. ती हातात घेऊन ती वळली, आणि मामांनी तिला पाहिलं.

त्यांनी हात पुढे केला. बोलायला श्वास नव्हता त्यांच्यापाशी, नुसता हात उचलला, पंजा उघडा. याच हाताने तिला सायकल शिकवली होती, मागून धरून. मामी अर्धी उठली, मुखवटा लावायला मदत करावी म्हणून.

ठमी तिथे थांबली. किती वेळ, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. तिच्या डोक्यात विचार असे आलेच नाहीत. मागची दोन दारं होती, त्यांच्यापुढे बसलेली माणसं होती, कडेवरची पोरं होती, आणि हँडल वर की खाली हे विसरलेला एक उंच माणूस होता. तिने बाटली खांद्यावर सरकवली.

"मामा, पुढे वाका. गुडघ्यांवर कोपर टेका. मामी, त्यांना असंच धरून ठेव. रुमाल सुकू देऊ नकोस."

आणि ती त्यांचा हात ओलांडून मागे गेली.

"ठमे!" मामीने हाक मारली. मग पुन्हा, वेगळ्याच आवाजात, "अगं ठमे!"

मागे लंबू जमिनीवर पाय पसरून बसला होता, चिमणीचं डोकं मांडीवर घेऊन. ठमीने त्याला मुखवटा लावला, झडप उघडली. सुरुवातीला तो तिच्याकडे ओळख नसल्यासारखं बघत राहिला. हळूहळू त्याच्या डोळ्यांत माणूस परत आला. "वर," तो मुखवट्यातून म्हणाला. "हँडल वर." ती पुढे आपल्या जागेवर परत निघाली. वाटेत मामांच्या रांगेशी आली तेव्हा मामीने तिच्याकडे मान वर करून पाहिलंच नाही.

विमान ढगांत शिरलं आणि हिसके बसू लागले. खोकला आणि पोरांची रड सोडली तर काही ऐकू येत नव्हतं. ठमी दाराशेजारच्या घडीच्या खुर्चीत पट्टे बांधून बसली. ती केबिनकडे तोंड करून बसली होती, त्यामुळे मामा तिला सबंध वेळ दिसत होते. नजर दुसरीकडे नेण्याची सोय त्या खुर्चीत नाही.

चाकं जमिनीला लागली. विमान धावपट्टीच्या टोकाशी थांबलं. अग्निशमनच्या गाड्या आजूबाजूला आल्या. मग कॅप्टनचा आवाज आला: आग नाही, घसरगुंड्या नकोत, शिड्या येतायत, दारं साधी उघडा. तिने दार उघडलं. ऊन आणि डांबराचा वास आत आला. मागचं दार लंबूने उघडलं. हवा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहायला लागली. लोक शिडीवरून उतरून खाली गवतावर बसले, काही आडवे झाले. मामांना स्ट्रेचरवरून नेलं.

दवाखान्यात सगळ्यांचं रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. चिमणी शुद्धीवर आली, पण बोलताना शब्द हरवायला लागली. पेल्याला "ते पाण्याचं" म्हणायची आणि मग ओशाळी हसायची. लंबूच्या हातांची थरथर गेली नाही. त्याने राजीनामा दिला आणि भावाच्या दुकानात बसायला लागला. ठमीला घरात फरशी पुसायच्या औषधाचा वास आला तरी घसा आवळल्यासारखा व्हायचा. ती गॅलरीत जाऊन उभी राहायची, रेलिंगला धरून.

मामा बऱ्याच दिवसांनी घरी आले, ते प्राणवायूचं यंत्र बरोबर घेऊन. भिंतीशी घुरघुरणारी पेटी, तिला लांब नळी, नळीचं दुसरं टोक नाकात. नळी पोचेल तेवढं त्यांचं घर उरलं. पलंग, खुर्ची, मोरीचं दार. जिन्याचा प्रश्नच मिटला. नातवाला ते फोनच्या पडद्यावरच बघायचे.

मामी ठमीशी बोलत नव्हती. ठमी यायची, मामी चहा ठेवायची, कप समोर आणून ठेवायची आणि आत निघून जायची. एकदाच बोलली, दारात पाठमोरी उभी राहून.

"तुझ्या खांद्यावर होती ती. मी बघितली ना."

"हो," ठमी म्हणाली.

पुढे काही बोलायला मामी थांबली नाही.

कंपनीने चौकशी लावली. मोठ्या इमारतीतली वरच्या मजल्यावरची खोली, काचा न उघडणाऱ्या. टेबलापलीकडे सुरक्षा विभागाचे मऊ आवाजाचे अधिकारी, त्यांच्या शेजारी वकीलबाई. त्यांनी तिला पाणी दिलं, तब्येत विचारली. मग सांगितलं की विमान तपासलं, इंजिनं तपासली, दुसऱ्या दिवशी हवेचे नमुनेही घेतले. हवेत काहीच सापडलं नाही.

"दुसऱ्या दिवशी कसं सापडेल?" ठमी म्हणाली. "दारं उघडल्यावर वारा सुटला होता."

"बरोबर आहे तुमचं. पण आम्हाला पुराव्यावर जावं लागतं. घाबरल्यावर माणूस भराभर श्वास घेतो. त्याने चक्कर येते, हात थरथरतात. एकाला वास आला की सगळ्यांना येतो."

"आमच्याबरोबरची मुलगी पेल्याचं नाव विसरते."

"वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत असावं. त्यांनी वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाई पुढे झुकल्या.

"ताई, जरा नाजूक विचारते. त्या विमानात तुमचे मामा होते. छातीचे पेशंट. त्यांनी मागूनही तुम्ही त्यांना प्राणवायू दिला नाहीत. असं काही प्रवाशांनी सांगितलंय."

"नाही दिला."

"ज्यांनी तुम्हाला वाढवलं, त्यांना. हवा खरंच इतकी वाईट असती तर तुम्ही दिला असता ना? कुणीही दिला असता. म्हणजे त्या क्षणी तुम्हालाही वाटलं असणार, की एवढं काही नाही."

ठमीला आत्ता कळलं की तिला कुठे आणून उभं केलंय. हवा ठीक होती असं म्हटलं तर मामांना काही झालं नाही, तिने काही केलं नाही, मामीला तोंड दाखवता येईल. आणि चिमणी, लंबू खोटे पडतील. हवा विषारी होती म्हटलं तर ती, जिला मामा ठमे म्हणत, त्यांना त्या विषात हात पसरून बसलेलं सोडून निघून गेली. समोरची माणसं तिला पहिलं दार उघडून देत होती. अगदी अदबीने.

"हवा वाईट होती," ती म्हणाली. "हवा वाईट होती म्हणूनच नाही दिला. मागे दार उघडायला एकच माणूस होता आणि त्याला दार कसं उघडतात ते आठवत नव्हतं. हवा चांगली असती तर मी बाटली पहिल्यांदा मामांनाच लावली असती. दुसऱ्या कुणाला तिची गरजच नसती."

"पण शेवटी तर घसरगुंड्या लागल्याच नाहीत," अधिकारी हळूच म्हणाले.

"ते उतरल्यावर कळलं," ठमी म्हणाली. "मला आधी कसं कळणार?"

वकीलबाईंनी पेनचं टोपण लावलं. पुढची बैठक गुरुवारी ठेवू म्हणाल्या. अजून कुणी प्रवासी बोलू इच्छित असतील तर आणा म्हणाल्या, अशा सुरात की कुणी येणार नाही हे ठरलेलंच आहे.

ठमी तिथून सरळ मामांकडे गेली. मामा खुर्चीत बसले होते. पेटी घुरघुरत होती. तिने जे झालं ते सगळं सांगितलं, वकीलबाईंचा प्रश्नही, स्वतःचं उत्तरही. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला होता.

बोलायला मामांना आधी श्वास साठवावा लागे.

"मी हात पुढे केला तेव्हा," ते म्हणाले, "तुला दिसला होता?"

"दिसला होता."

"हं." त्यांनी दम घेतला. "मला वाटायचं, गडबडीत दिसलाच नसेल. वाटायचं, दिसला असता तर दिलं असतंस." पुन्हा दम. "आता काय वाटून घ्यावं ते कळत नाही, ठमे. खरंच नाही कळत. राग नाही. पण रात्री झोप लागत नाही, तेव्हा तो हात आठवतो. माझाच."

ठमीला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. ती जमिनीवर बसून राहिली, नळी आपल्या पायाखाली येऊ नये म्हणून पाय आखडून. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, आणि निघ इथून असंही ते म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्या पोरीला शब्द आठवतात का आता? चिमणीला?"

"थोडे थोडे."

"आणि तो उंच?"

"दुकानात बसतो. सुट्टे पैसे मोजताना चुकतो म्हणे. गिऱ्हाईकं हसतात."

मामी दारात येऊन उभी होती. ओले हात पदराला पुसत होती, कोरडे झाले तरी पुसतच होती.

"पुढची बैठक कधी आहे?" तिने विचारलं.

ठमीला आधी कळलंच नाही की हे आपल्याला विचारलंय. "गुरुवारी," ती म्हणाली.

"मी येते."

"तू?" मामा म्हणाले.

"मी. मी पण होते ना तिथे? माझं नाकही होतंच की माझ्याबरोबर. घरी येईपर्यंत तोंडात पैसा धरल्यासारखी चव होती माझ्या. तो वास मी अजून साडीतून काढू शकले नाही, तीन वेळा धुतली. ती साडी घेऊन येते, म्हणावं हुंगा." तिचा आवाज चढत गेला. "हवेत काही नव्हतं म्हणे! मग ही नळी लावून कुणी बसवलं यांना? आपण होऊन बसले?"

"मामी..." ठमी उठायला लागली.

"थांब." मामीने हात वर केला. "तुझं माझं जे आहे ते आहेच. ते अजून मिटलेलं नाही आणि कधी मिटेल ते मला सांगता येणार नाही. मी हाक मारली आणि तू वळली नाहीस, हे मी विसरणार नाही. पण ते घरातलं आहे. त्यावरून त्या परक्या बाईने काहीतरी सिद्ध करून दाखवावं, हे मी चालू देणार नाही. किती वाजता आहे?"

"अकराला."

"दहाला येते बाहेर. रिक्षा मिळायला वेळ लागतो." मामी आत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि वरच्या फळीवरून काहीतरी ओढून काढल्याचा. "आणि यांच्याजवळ कुणी बसायचं ते बघ," आतूनच ती म्हणाली. "एकटं सोडायचं नाही."